अठ्ठ्याऐंशी मीटरचं वेटोळं

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे, मामीचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांतला अबोला, हे तिन्ही आता उतारावर असावेत. इकडे मी खुशाल आहे (बूट सोडून).

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात गोंदाची मोठी टाकी आहे. ती किती भरली हे सेन्सर व्होल्टेजमध्ये सांगतो आणि बारा मीटरवरच्या पॅनेलवर त्याचा आकडा दिसतो. महिन्यापूर्वी जुनी केबल उंदरांनी कुरतडली, म्हणून नवी मी टाकली. बंडल शंभर मीटरचं. ते न कापता उरलेली अठ्ठ्याऐंशी मीटर केबल मी गुंडाळून पॅनेलमागे टांगली (वेटोळं इतकं सुबक, की फोरमननं सर्वांदेखत कौतुक केलं, आता तो ते नाकारतो). शेजारूनच पंपाच्या मोटारीची जाडजूड केबल जाते, याकडे मी काणाडोळा केला. व्होल्टेजचा सिग्नल म्हणजे आमच्या थोरल्या आत्याकडे दिलेला निरोप. जितका लांब जाईल तितका वाटेत गळतो, शिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काहीबाही त्यात मिसळतं (आत्याला हे पत्र दाखवू नका). टाकी काठोकाठ भरली तरी पॅनेलवर सत्तर टक्केच दिसत होते, आणि त्याच आकड्यावर चालणारा पंप इमानेइतबारे भरत राहिला.

गोंद ऑफिसात पोचला तेव्हा मॅनेजरसाहेब फोनवर होते. बोलणं संपवून ते उठले, बूट उठले नाहीत. मोज्यांवर चालत येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काम कुणाचं?" फोरमनसकट सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात मी नोकरीत कायम व्हायचा होतो. आता ते चौकशीवर लोंबकळतंय. मला भीती वाटतेय, तुमच्यापासून काय लपवायचं.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. चौकशीसाठी बाहेरून एक अनुभवी, निवृत्त तज्ज्ञ सोमवारी येणार आहेत. गेटवरच्या यादीत आज तुमचं नाव वाचलं. मामा, कृपा करून मला ओळख दाखवू नका. भाच्याला वाचवलं असं कुणी म्हणायला नको.

पुन्हा ता. क. केबल का कापली नाही, हे साहेबांनी मला विचारलंच. मी नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही दिलेली वही त्यांना दाखवावी लागली. पहिल्याच पानावर तुमच्या अक्षरात आहे: "केबल कधीही कापू नये, पुढे लागते." वही फायलीला जोडली आहे. खाली तुमची सही आहे.