फाटकापाशी मांडलेलं पिंप

मंगळवार, ऑक्टोबर १८६९

वाल्बुर्गा आत्याच्या सेवेशी, पुतण्या काष्परचा टोपी काढून, वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. तुझे गुडघे, कोंबड्या आणि ती एका डोळ्याची शेळी कशी आहे ते कळव. बाबांची चौकशी मी करत नाही. ‘डांबरातून निघतो तो डाग, त्याला रंग म्हणत नाहीत, आणि असले हात घेऊन या उंबऱ्यात यायचं नाही,’ असं ते दोन वर्षांपूर्वी म्हणाले. नंतर माझ्या चार पत्रांना उत्तर नाही, तेव्हा चौकशी कसली करायची. त्यांची पाठ मात्र कशी आहे ते लिही. (पाठ म्हणजे काही बाबा नव्हेत.)

तर आमचे मालक, डॉक्टर टेनहोफ. मूळचे रसायनवाले. डांबराच्या अर्कातून पहिला किरमिजी रंग त्यांनी बायकोच्या सूपच्या पातेल्यात काढला, आणि त्या पातेल्यापायी आज माइन नदीकाठी चार धुराडी उभी आहेत. (पातेल्याबद्दल बाईंनी अजून माफ केलेलं नाही.) आता दिवसभर उंच टोपी घालून सह्या करतात, आणि संधी मिळाली की प्रयोगशाळेत पळून येऊन काचेच्या नळ्या स्वतः धुतात. मुकादम क्लुंप मागोमाग धावतो, ‘डॉक्टरसाहेब, बर्लिनचे लोक खोळंबलेत.’ ते म्हणतात, ‘खोळंबू दे, नळी अजून स्वच्छ निघाली नाही.’ कारखान्याखालचा ओढा सोमवारी लाल असतो नि गुरुवारी जांभळा, आणि तिथली बदकं... पण बदकांचं पुन्हा कधीतरी.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी मला जुन्या पद्धतीची निळीची कढई लावायला सांगितली. आपला नवा जांभळा उन्हात किती टिकतो ते निळीशेजारी ठेवून बघायचं होतं. आता निळीला काय लागतं ते तुला कशाला सांगू? चांगलं आंबलेलं, शिळं माणसाचं मूत. आपल्या घरच्या निळीच्या कढईला ते कोपऱ्यावरच्या दारूवाल्याची गिऱ्हाइकं पिढ्यान्‌पिढ्या देत आली. मी कामाला जागणारा माणूस. फाटकापाशी मोठं पिंप मांडलं आणि वर पाटी लावली: ‘येता-जाता प्रत्येकाने भर घालावी. बिअर प्यालेल्यांनी आधी.’ तीनशे कामगार, आत्या. मन लावून काम केलं सगळ्यांनी. पाचव्या दिवशी बर्लिनची मंडळी रुमाल नाकाला लावूनच आत आली.

क्लुंप लालबुंद. ‘अरे गाढवा, हा रसायनांचा कारखाना आहे. त्याऐवजी चालणारा सोडा पोत्याने पडलाय इथं. तुला कुणी सांगितलं हे?’

कुणी सांगितलं नव्हतं, तीच तर पंचाईत. माझी नोकरी गेली असं धरून मी पाटी काढायला लागलो. इतक्यात डॉक्टर आले. थबकले. टोपी काढली, पिंपावर वाकले, डोळे मिटून वास घेतला, आणि हळूच म्हणाले, ‘अजून दोन दिवस लागतील.’

पाहुण्यांना क्लुंपबरोबर पुढे पाठवून ते उपड्या बादलीवर बसले. त्यांचे वडीलही खेड्यातले निळारी निघाले. त्यांना डांबराचं पटलं नाही; मुलाने ठरवलं, दुसरं धुराडं उभं राहिलं की जाऊन समजूत घालू. मग तिसरं झाल्यावर जाऊ. ‘तिसऱ्याच्या वेळी ते गेले,’ डॉक्टर म्हणाले, ‘चौथं का बांधलं ते मला माहीत नाही.’ मग मला विचारलं, ‘तुझे आहेत?’

‘आहेत.’

‘बोलतात?’

‘नाही.’

‘मग इथं काय करतोयस?’

‘पिंपावर लक्ष ठेवतोय,’ मी म्हणालो.

‘ते क्लुंप ठेवेल.’

मी अर्थात त्यांच्यासारखा हळवा नाही. मला घरची आठवण येत नाही. कढईतून हिरवं निघालेलं कापड वारा लागेल तसं निळं होत जायचं, आणि दोरीवरच्या त्या ओल्या कापडांखालून बाबांचे नुसते पाय दिसायचे, तेवढं सोडलं तर मला काही आठवतही नाही.

तुला आणि शेळीला नमस्कार.

तुझा काष्पर

ता. क. इथपर्यंतचं बाबांना मोठ्याने वाचून दाखव. डॉक्टरांच्या वडिलांचा भाग दोनदा वाच, पण सहज चुकून वाचल्यासारखा. पुढचं तुझ्यापुरतं.

ता. क. २. आठवण येत नाही हे खोटं आहे. मी घरी आलो तर चालेल का, एवढं त्यांना विचार. हात मी वाळूने, शिरक्याने, सगळ्याने घासून पाहिले. डाग निघत नाही.

ता. क. ३. उत्तर टपालात टाकू नकोस. मी रविवारपासून आपल्या पुलापलीकडच्या, हरणाची पाटी असलेल्या खाणावळीत बसून आहे. हे पत्र दूधवाला आणतोय, त्याला थांबवून ठेव. बाबा ‘ये’ म्हणणार नाहीत, ते जन्मात कुणाला म्हणाले नाहीत. ‘त्याला कुणी अडवलंय’ असं गुरगुरले तरी मला पुरे. आणि तेही न म्हणता नुसतं ‘आज जेवायला किती जण’ एवढंच विचारलं, तर दूधवाल्याला पळत पाठव.