चाचांच्या पेटीची खूण

२० सप्टेंबर, शुक्रवार
आले: गॅरेजसाठी पान्यांची पेटी, नवी, लाल, सात खणांची, चाकांवरची, १ नग. किंमत ११,४००. वजा जुनी पेटी मोडीत, १६ किलो, ४० च्या भावाने ६४०. रोख दिले १०,७६०. हमाली ५०. सोबत फुकट एक टोपी. किल्ल्या दोन.
यांनी सांगितलं तसं लिहीत गेले. लिहून झाल्यावर डोक्यात शिरलं. आपल्याकडं जुनी पेटी एकच आहे. चाचांची.
पितृपक्षात आम्ही घरात नवी सुई आणत नाही. यांनी कपाटाएवढी पेटी आणली, आणि त्या बदल्यात दिलं काय तर

२१, शनिवार
काल वाक्य पुरं करवलं नाही.
खलीलचाचा यांचे उस्ताद. यांना हातोडी धरायला त्यांनी शिकवलं. बारा वर्षांपूर्वी गॅरेज यांच्या हवाली केलं आणि तामलवाडीला लेकीकडं राहायला गेले. जाताना ती पेटी यांच्या हातात दिली. दर खंडेनवमीला येतात. पूजेला बसत नाहीत, पण झाकण उघडायचा मान त्यांचा. पहिला पाना त्यांच्या हातानं पाटावर येतो, मग मी हळद-कुंकू लावते. पहिल्या वर्षी मी बिचकले होते, त्यांच्या पेटीला कुंकू कसं लावू म्हणून. तेच म्हणाले, "लाव की बेटी, पेटी बी आपल्या कळंबचीच हाय."
यंदा खंडेनवमी ११ तारखेला. चाचा येणार आणि म्हणणार, पेटी कुठाय?
यांना विचारलं. म्हणाले, "त्या टायमाला बघू."

२३, सोमवार
डबा घेऊन गॅरेजवर गेले. हे ट्रॅक्टरखाली. तेवढ्यात न.पे. तपासली (नवी पेटी, सारखं कोण लिहिणार). धान्याची कोठी घेताना बघते तशीच.
बोटाच्या पेरानं वाजवली, बिस्किटाच्या डब्यासारखी वाजली. अंगठ्यानं बाजू दाबली, आत गेली. सोडली की टक करून परत. काठ नुसता कापलेला, दुमडून आत तार घातलेली नाही. पदर अडकला, दोरा निघाला. जोडाला रिबिट नाहीत, ठिपक्या-ठिपक्यांचे वेल्डिंगचे डाग देऊन वर रंग मारलाय. रंग देखणा आहे, खोटं कशाला बोलू. खणही लोण्यासारखे सरकतात. रिकामे आहेत तोवर.
कुलूप माझ्या जुडग्यातल्या शिलाई मशीनच्या किल्लीनं उघडलं. पहिल्या फटक्यात.
यांना सांगितलं. खालूनच म्हणाले, "तू काय मेकॅनिक हायस का?"
"न्हाय. पत्रा कळतो मला. तीस वर्षं डबे घेतेय."
"ही पेटी हाय, डबा न्हवं."
"मग डब्यासारखी का वाजतीय?"
पाना आपटल्याचा आवाज.
चाचांची पेटी निर्दोष होती असं नाही. बिजागरी कुरकुरायची, बूड गंजलेलं, तळातलं काही हवं असेल तर वरचं सगळं उपसायचं. पण भरून ठेवा, वर उभे राहा, हूं की चूं नाही. चाचा पेटी जोखायचे ती अशी: पुरी भरायची, एका कानाला धरून वर घ्यायची, खाली ठेवायची. झाकण होतं तिथंच बसलं तर पेटी चांगली.

२६, गुरुवार
व्हायचं तेच झालं. वरच्या दोन खणांत गोटीपाने आणि हातोड्या भरल्या होत्या. यांनी दोन्ही खण एकदम ओढले. न.पे. अख्खी पुढं झुकली आणि तोंडावर पडली. पाय थोडक्यात वाचला, आईची कृपा. एक चाक तिरकं झालं, तिसरा खण आता अर्धाच उघडतो. सगळे पाने ग्रीसमध्ये. निवडायला मीच.
मी खाली मान घालून पाने पुसत राहिले. तरी म्हणाले, "बोल, बोल एकदाचं."
"काही नाही. रंग मात्र टिकलाय."
जेवले नाहीत. मलाच वाईट वाटलं. थोडंसंच.

२९, रविवार
आज बोलले. देवघरात वाती वळत होते, दारात येऊन उभे राहिले.
म्हणाले, "चाचा पूजा झाल्यावर काय म्हणतेत, ठाव हाय ना?"
ठाऊक आहे. पूजा झाली की भरलेली पेटी पाटावरून उचलून जागेवर न्यायची. शागिर्दानं, एका हातानं. चाचा म्हणतात, उचल. सगळे बघतात, मग पेढे.
"गेल्या साली उचलली ती कशी, माझं मला ठाव. मणक्यात कळ गेली ती आजून हाय. यंदा माझ्याच्यानं उचलवली नसती. चाकाची आणली म्हंजी उचलायचं कामच न्हाय."
"एवढंच होतं तर चाचांना सांगायचं."
"काय सांगू? मिस्त्री संपला म्हणून?"
वर्षभर कंबर दुखते आणि बायकोला पत्ता नाही. वाकून चालायचे, ते मला वाटत होतं मोटारसायकलचा दोष. रोज तेल गरम करून दिलं असतं. राग कुणाचा करू तेच कळेना. यांचा, पेटीचा, की चाचांच्या त्या "उचल"चा.
पेटी परत आणायची. उचलायचं नंतर बघू. पण त्यांची वस्तू त्यांच्या डोळ्यांसमोर पाहिजे.

१ ऑक्टोबर, मंगळवार
आपल्या इथल्या वाशीला (मुंबईच्या नव्हे) जाऊन आले, जुनी पेटी तिथल्याच व्यापाऱ्याकडं गेली होती. जावेकडं जाते म्हणून सांगितलं. खोटं बोलले, तेही पितृपक्षात. घट बसले की नऊ दिवस अखंड दिवा, मग उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून आजच.
व्यापाऱ्याच्या गोडाऊनात जुन्या पेट्यांची ओळच लागलेली. पाच. सगळ्या हिरवट, सगळ्या पाच कप्प्यांच्या, जणू एकाच लोहाराच्या हातच्या. मी म्हटलं, मोडीत घेतलेल्या अजून वितळल्या कशा नाहीत?
"ह्या मोडीच्या न्हाईत ताई. पुण्याकडचे लोक नेतेत. हॉटेलात ठेवतेत, आत झाड लावतेत."
"पान्याच्या पेटीत झाड?"
"व्हय. जुनं अस्सल म्हणतेत."
भाव २,८००. मी म्हटलं, आमच्याकडून तर ६४० ला नेली.
"तवा ती मोड होती ताई. आता अस्सल झाली."
वाजवून बघितल्या. सगळ्यांचा आवाज भरदार, सगळ्यांचे काठ तारेचे. पत्र्यावरून काही ठरेना. मग कडेच्या पेटीचं झाकण उचललं, आतून हळद-कुंकवाचे थर, पाच बोटं स्पष्ट. माझीच बोटं. डोळे भरून आले. पेटीला डोकं टेकवलं, व्यापारी बघत राहिला. घासाघीस करून २,३०० दिले. नव्या समईसाठी साठवलेले होते. जुनी समई अजून दहा वर्षं चालेल.
एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्यात काय, सासू हाय का?"
"सासरा म्हण."
"मग त्येचं तिकीट फुल. तुमचं अर्धं."
हसले, किती दिवसांनी.
घरी आल्यावर यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली. "हीच का?" म्हणाले. म्हटलं, "हीच." हात ठेवून उभे राहिले. मग चहा मागितला. आठवड्यात पहिल्यांदा.

२, बुधवार. सर्वपित्री
पितरांचं पान वाढून झाल्यावर पेटी पुसायला घेतली. डिझेलचं फडकं. तळातला कप्पा वर केला तर खाली पत्र्यावर ठोकलेली अक्षरं. रा. बा. क.
यांना हाक मारली. वाकून बघायला लागले तर कंबर धरली, मग मीच कप्पा वर करून दाखवला.
"चाचा कधी नाव घालत न्हवते," म्हणाले.
"पण कुंकू? माझी बोटं?"
"अगं, कुठल्या मिस्त्रीच्या पेटीला कुंकू नसतंय? आख्ख्या जिल्ह्यात एक दाखव. खंडेनवमी काय फक्त आपल्याच घरी येती का?"
बाकीच्या चारांची झाकणं उचलूनसुद्धा बघितली नाहीत. दुकानात डबा घेताना दहा डब्यांची बुडं उलटी करून बघते, तीच मी. सगळं जोखलं, पत्रा, काठ, आवाज. आणि घ्यायचं तेच चुकलं.
हा रा. बा. क. माणूस कोण? त्याच्या घरात कुणीतरी बाईच असेल, तिनं ही बोटं उठवली. तिला ठाऊक आहे का पेटी गेली ते? पाने कुणी वापरतंय का?
समईचे पैसे गेले. पेटी नाही. चाचा नऊ दिवसांवर.

३, गुरुवार
घट बसले. दिवा लागला. आई, एवढं एक कर.
मन लागलं नाही आज पूजेत. खरं ते लिहावं.

४, शुक्रवार
व्यापाऱ्याला फोन केला. माणूस बोलायला वाईट नाही. म्हणाला, "चार राहिल्यात. दसरा झाला की गाडी भरून पुण्याला. तवर ओळख पटवा अन् बदलून न्या, माझं काय जातंय?"
यांना म्हटलं, तुम्ही जाऊन या. तीस वर्षं त्या पेटीवर काम केलं, दिसली की ओळखाल.
"न्हाय ओळखणार." मग म्हणाले, "आतले पाने डोळे झाकून सांगतो. बारा-तेराचा कुठला, सोळाचा कुठला. पेटी बाहेरून कवा बघितली? ती हातालाच असायची."
"मग चाचांना विचारू."
"अजिबात न्हाय."
"मुमताजला फोन करू?" मुमताज चाचांची लेक.
"म्हंजी ती बापाच्या कानात वरडून सांगणार. आख्ख्या तामलवाडीला कळू दे एकदाचं."
तेही खरं. इंजिनांच्या आवाजानं चाचांचे कान गेलेत. फोनवर हॅलोच्या पुढं गाडी जात नाही, म्हणून तर दरवर्षी नवमीचं बोलावणं मी कार्डानं धाडते. चाचा चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, कार्ड स्वतः वाचतात, जपूनही ठेवतात म्हणे.
यंदाचं कार्ड अजून गेलेलं नाही. हे म्हणतात, त्यात काही लिहू नकोस. नुसतं या म्हण.
नुसतं या कसं म्हणू? येऊन काय बघतील? रंग?

५, शनिवार
पत्र लिहिलं. कार्ड नको, पोस्टमनपासून सगळे वाचतात. निळं आंतरदेशीय आणवलं. लिहिताना हे मागं येऊन उभे राहिले. वाटलं, आता फाडतात. फाडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "कंबरेचं बी लिही. नीट लिही." नक्कल इथं ठेवते.

खलीलचाचा यांस, शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सर्व बरे आहोत. तुमची तब्येत, मुमताजची मुलं कशी आहेत?
चाचा, एक चूक झाली आहे, ती आधी लिहिते, बोलावणं मागून. तुमची पेटी यांनी मोडीत दिली. लोभानं दिली नाही. यांचा मणका गेलाय, गेल्या नवमीपासून पेटी उचलवत नाही. तुम्ही "उचल" म्हणाल आणि आपल्याच्यानं होणार नाही, या लाजेनं चाकांची नवी पेटी आणली. ती आठवड्यात तोंडावर पडली. पत्रा पातळ आहे. तुम्ही असतात तर दारातूनच परत पाठवली असती.
मी वाशीला जाऊन तुमची म्हणून एक घेऊन आले. ती दुसऱ्याच कुणाची निघाली. मी कुंकू बघून ओळखली, आणि कुंकू सगळ्यांनाच असतं हे मला सुचलं नाही. तिथं अजून चार आहेत, सगळ्या बहिणी-बहिणीसारख्या. दसऱ्यानंतर पुण्याला जाणार आणि त्यांत झाडं लावणार.
तर चाचा, तुमच्या पेटीची एखादी खूण सांगा. कुठं ठोका पडलेला, कुठला रिबिट बदललेला, कुठं डाग दिलेला. तुमच्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही. ती आम्ही कधी बघितलीच नाही, याचीच जास्त लाज वाटते. खूण कळली की हे त्याच दिवशी वाशीला जातील, तसं कबूल केलंय. माझा दिवा आहे, मला घर सोडता येत नाही. नाहीतर तामलवाडीला येऊन पायाच पडले असते.
खूणच नसेल तर तेही लिहा. मग आम्ही शोधायचं थांबवू.
शुक्रवारी खंडेनवमी. तुम्ही रागावला असलात तरी या. यंदा "उचल" म्हणू नका, तेवढी विनंती. पाट मांडून ठेवते. त्यावर कोणती पेटी असेल ते तुमच्या पत्रावर आहे.
वेळ थोडा उरलाय. काय ते उलट टपाली कळवावे.