मागचा ब्रेक

१९ मार्च, पाडवा
गाडी आणली. सहाशे पन्नास सीसी, काळी, सेकंडहँड पण अंगावर ओरखडा नाही. दोन म्हशी गेल्या त्यात. सुरेखा सकाळपासून बोललेली नाही. ओवाळायला मात्र आली, कारण गल्ली जमली होती आणि नवऱ्याचं हसं व्हायला नको. चाकाखाली लिंबू ठेवलं. क्लच सोडला तर लिंबू चिरडून गाडी थेट समोरच्या भिंतीपाशी. वीतभर अंतर राहिलं. सगळे हसले, मी पण हसलो. हँडल मात्र बराच वेळ सोडलं नाही.

सतरा वर्षं झाली वस्त्यांवरून डेअरीत दूध आणतोय. शंभर सीसीवर दोन्ही अंगांना कॅन, पावसात, चिखलात. एकदाही सांडलं नाही. अख्ख्या कुंभार पिंपळगावात माझ्यापेक्षा जास्त गाडी कुणी चालवली असेल तर समोर आणा.

२३ मार्च
शकीलच्या गॅरेजला गेलो. गाडी त्यानेच मिळवून दिली. म्हणतो, “तू दूधवाला हायेस हे पहिले विसर. कॅन असल्यावर पुढचा ब्रेक मारला की माणूस तोंडावर पडतो, म्हणून तुम्ही समदे मागचाच दाबता. ह्या गाडीला तसं केलं ना, मागचं चाक तुला सोडून पुढं पळंल. सहा महिने रिकाम्या रोडवर निस्ता ब्रेक मारायला शिक. मंग पळव.”

सहा महिने. हा कालपर्यंत मोपेडचे प्लग पुसायचा. म्हणालो, तू पान्हा फिरव. त्याने पान्हा फिरवला. चहा सांगितला नाही.

२ एप्रिल
तीर्थपुरीच्या पुढे एका पिकअपवाल्याने कट मारला. मी रस्त्याखाली खडीत. शंभर सीसीवर असतो तर चार शिव्या देऊन घरी आलो असतो. आज अर्ध्या मिनिटात गाठला. गाडी आडवी लावली, दार उघडून खाली ओढला आणि तोंडावर हाणलं. दोनदा, तीनदा. नाकातून रक्त आलं, शर्टावर पडलं, तरी हात थांबेना. शेजारी त्याची म्हातारी आई बसलेली. ती “लेका, लेका” करत राहिली, मला म्हणत होती की त्याला, कळलं नाही.

घरी येईस्तोवर अंग हलकं झालं होतं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आधी अशी माणसं निसटून जायची. आता कुणी निसटत नाही.

सु.ला सांगितलं नाही.

१२ एप्रिल, रविवार
संत्या आला. सु.चा धाकटा भाऊ, शहागडला असतो, एकवीस पूर्ण. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. पहाटे उठून गोदावरीच्या पुलापर्यंत पळतो, पायाच्या पिंढऱ्या दगड झाल्यात. आल्या आल्या गाडीभोवती तीन फेऱ्या.

“दाजी, एक राउंड मारू का?”

बसवला समोर आणि सुनावलं. ही गाडी ताकदीवर चालत नाही. वय लागतं, अनुभव लागतो, डोकं थंड लागतं. आधी पाच वर्षं कॅन वाहून दाखव, मग चावी माग. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. सु. आतून म्हणाली, “बराबर सांगून राह्यले तुझे दाजी.” पाडव्यानंतर पहिल्यांदा तिने माझी बाजू घेतली. जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२१ एप्रिल
फाट्यावर कुत्रं आडवं आलं. पाय दाबला. मागचं चाक लॉक होऊन गाडी साप वळवळावा तशी गेली. कशीबशी सावरली. टायर जळल्याचा वास. पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावलं नव्हतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. शकीलला सांगणार नाही. दात काढील.

२६ एप्रिल, रविवार
संध्याकाळचं दूध घालून आलो तर अंगणात गाडी नाही. संत्या दुपारपासून आमच्याकडेच होता. चावी खुंटीवरून गेलेली. दहा मिनिटं नुसता येरझाऱ्या घालत होतो. तो आला, गाडी नीट स्टँडवर लावली, चावी पुढे केली.

मी म्हशीचं दावं उचललं.

किती मारलं ठाऊक नाही. पाठीवर, मांड्यांवर. गाठ कानाला लागली तेव्हा तो खाली बसला. हात वर केला नाही त्याने. भरतीचा गडी तो, मनात आणलं असतं तर मला उचलून गव्हाणीत टाकलं असतं. एकच सांगत होता, “दाजी, हळू चालवली. चाळीसच्या वर गेलो न्हाई. दाजी, चाळीसच्या वर न्हाई.” सु. मध्ये पडली. तिच्या मनगटावर एक बसला. तेव्हा थांबलो.

गाडी तपासली. कुठे काही नाही. खरंच हळू चालवली होती.

२८ एप्रिल
सु. म्हणते, उद्या तुम्हीच त्याला शहागडला सोडून या. मार खाऊन एसटीने एकटा गेला तर आई-बाबांना काय वाटेल. ठीक. उद्या दुपारी.

२ मे
तळहाताची सालटी निघालीत, पेन धरवत नव्हतं. आज धरतोय.

२९ ला निघालो. मी चालवत होतो. संत्या मागे. हेल्मेट एकच. ते मी त्याच्या डोक्यात घातलं, माझे हातमोजे पण दिले. दाव्याने कान सुजला होता त्याचा. माफी मागायला तोंड उघडत नव्हतं, म्हणून हेल्मेट दिलं. त्याने निमूट घातलं.

तीर्थपुरी सोडली आणि एका जीपने हॉर्न देत घासून ओव्हरटेक केलं. आतली पोरं हसली. बस्स. मूठ पिळली. ऐंशी, शंभर, एकशेवीस. संत्या पाठीवर मुठी मारत होता, “दाजी, जाऊ द्या. दाजी, थांबा.” ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. मला त्या जीपवाल्याचं मानगूट पाहिजे होतं.

शेतातून शेणखताची ट्रॉली रस्त्यावर चढली. उजवा पाय सगळ्या अंगाच्या भाराने दाबला. सतरा वर्षांची सवय. हाताने काहीच केलं नाही. मागचं चाक ओरडलं, बाजूने पुढे आलं, गाडी आडवी झाली. मी सुटून खडीत घसरत गेलो. संत्या गाडीबरोबर गेला. ट्रॉलीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. आवाज झाला. तो आवाज इथे लिहिणार नाही.

नडगीचं हाड पॅन्ट फाडून बाहेर होतं. सांडलेल्या खतात पांढरं.

माणसं धावली. कुणीतरी म्हणालं, “पोरगं चालवत होतं वाटतं. हेल्मेट, हातमोजे त्याच्याच अंगावर हायेत.” दुसरा म्हणाला, “ह्या दूधवाल्याला म्या वळखतो, त्यो असं करतच न्हाई. पोरालाच झेपली न्हाई गाडी.” माझ्या तोंडात रक्त आणि माती. थुंकलो. बोललो नाही. नंतर जालन्याच्या दवाखान्यात पोलीस जमादाराने विचारलं, चालक कोण. बरोबर आलेल्याने संत्याकडे बोट केलं. कागद पुढे आला. खाली माझी सही आहे.

३ मे
संत्या शुद्धीवर आला. पायात रॉड. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण गुडघा पहिल्यासारखा वाकणार नाही. पळण्याचं कुणी विचारलंच नाही.

मामा आत आले. माझे सासरे, शहागडला हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे, कधी आवाज चढवत नाहीत. कॉटपाशी उभे राहिले आणि पोराच्या थोबाडीत मारली. सलाइनची नळी हलली. “जावयाची गाडी घेऊन मस्ती? त्येंचा जीव गेल्ता म्हंजे? माझी पोरगी कुठं जाणार व्हती?” दुसरी मारली. नर्सने धरलं त्यांना. मामी माझ्याकडे बघून हात जोडत होत्या.

मी भिंतीला टेकून उभा होतो. पाच पावलांवर. पिकअपवाल्याला ओढायला अर्धं मिनिट पुरलं होतं मला. सासऱ्याचा हात धरायला पाच पावलं टाकता आली नाहीत.

८ मे
आज वॉर्डात दोघंच होतो. तो म्हणाला, “दाजी, मला कायबी आठवत न्हाई. हेल्मेट घातलेलं आठवतं, बस. मी लई जोरात व्हतो का?”

मी पाणी प्यायलो.

“माफ करा दाजी. तुम्ही सांगितलं व्हतं, डोकं थंड पाहिजे म्हणून.”

खाली येऊन दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर डोकं आपटलं. दोनदा. कपाळाला टेंगूळ आलं. सु.ला सांगितलं दार लागलं.

१३ मे
शकीलने गाडी टेम्पोत घालून गॅरेजला आणली होती. बघायला गेलो. त्याने मागचं टायर फिरवून दाखवलं. एका जागी घासून सपाट, आतले धागे दिसत होते. मग पुढचे ब्रेक पॅड काढून माझ्या हातात ठेवले. पाडव्याला घातले होते तसेच, नवे कोरे.

“संत्याने जिंदगीत कॅन वाह्यला न्हाई,” तो म्हणाला. “हा ब्रेक त्याचा न्हाई.”

मी त्याची कॉलर धरली. त्याने सोडवून पण घेतली नाही. “मार. अजून एक मार. मी कुणाला सांगणार न्हाई, ते तुझं काम हाय. पण ही गाडी माझ्या दुकानातून आजच्या आज उचल.”

कॉलर सोडली. गाडी गोठ्यात आणून टाकली, जिथे त्या दोन म्हशी बांधायचो तिथे.

१९ मे
अधिक महिना लागलाय. मामांचा फोन आला. धोंड्याच्या जेवणाला या, ७ जूनला, रविवार आहे. म्हणालो, संत्याची अशी हालत, यंदा राहू द्या. तर म्हणतात, “आसं कसं? देवानं तुम्हाला वाचवलं. अवंदा तर जोरात करायचं.”

नाही म्हणता आलं नाही. मला हल्ली काहीच म्हणता येत नाही.

२७ मे
सु.ला सांगायचं ठरवलं. भाकरी थापत होती. मी म्हणालो, संत्याचं एक सांगायचंय. ती न वळता म्हणाली, “माझ्यापुढं त्याचं नाव काढू नका. तुम्ही दाव्यानं मारलं तव्हा मी मधी पडले, ते चुकलं माझं. अजून मारलं असतं तर पाय तरी वाचला असता.”

मनगटावरचा वळ अजून पुसट दिसतो तिच्या.

गोठ्यात गेलो. घण घेतला आणि गाडीवर घातला. टाकी, मीटर, हेडलाइट. काचा हातात घुसल्या. सु. दारात येऊन बघत होती. तिला वाटलं भावाचा राग काढतोय. म्हणाली, “जाऊ द्या. लोखंडाचा काय दोष.” आणि हाताला हळद लावून दिली.

तिने हळद लावली ते सगळ्यात वाईट झालं.

७ जून, रविवार. शहागड
एसटीने आलो. दुपारचा एक वाजलाय, ओसरीवर बसून लिहितोय. वही खिशात होती.

मामांनी पाट मांडला होता, भोवती रांगोळी. सु. शेजारच्या पाटावर. समोर परात. मामींनी तांब्या भरून ठेवलेला. जावयाचे पाय सासऱ्याने धुवायचे, मेव्हण्याने पुसायचे. म्हणून संत्याला आणून माझ्यासमोर बसवलं. कुबड्या भिंतीला, डावा पाय सरळ पुढे, खांद्यावर नवा टॉवेल. त्याला वाकता येत नव्हतं, तरी बसला. मला बघून हसला.

मामांनी माझे दोन्ही पाय परातीत घेतले. पाणी ओतलं. म्हातारे हात, पंक्चरच्या कामाने चिरा पडलेले. अंगठा घासत म्हणाले, “जावईबापू, पोरानं चूक केली. आज मनातून काढून टाका.” मामी म्हणाल्या, “लक्ष्मीनारायणाचा जोडा सुखी ऱ्हावा.” संत्या खांद्यावरचा टॉवेल काढायला लागला.

पाय ओढून घ्यावा म्हटलं, मामांनी घट्ट धरला होता.

म्हणालो, “मामा, गाडी मी चालवत होतो.”

पाणी पडत राहिलं. तांब्या रिकामा झाला तरी त्यांनी तो तसाच वाकडा धरलेला. मामी आत तूप आणायला वळल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. सु.कडे मी बघितलं नाही. मामांचा दुसरा हात माझ्या घोट्यावर होता. मला वाटलं आता मारतील. मारावं असं वाटलं. त्यांनी हात काढला आणि धोतराला पुसला.

संत्याने विचारलं, शांतपणे, “मंग मी काय करत व्हतो, दाजी?”

“मागं होतास. माझ्या पाठीवर मुठी मारत होतास. थांबा म्हणत होतास.”

त्याने टॉवेल माझ्या पायांवर टाकला. पुसले नाहीत. कुबड्यांकडे हात गेला, पोचला नाही, आणि कुणी उठून दिल्या पण नाहीत. मग तो तसाच जमिनीवर बसून राहिला, आपल्या पायाकडे बघत.

मी उठून बाहेर आलो. ओल्या पायांचे ठसे उमटले ओसरीवर, आता वाळलेत. आत भांड्यांचा आवाज नाही. सु. अजून आतच आहे. जेवायला या असं कुणी म्हटलं नाही, निघा असंही नाही. एसटी चार वाजता आहे.