तक्रार नाही

४ जानेवारी १९९९
लागली एकदाची नोकरी! हायवेवरच्या द्वारका चौकाजवळचं रुग्णालय, बायकांचा वॉर्ड, अठरा खाटा. वरच्या मजल्यावर राहायला खोलीही मिळाली. ट्रकचे हॉर्न ऐकावे लागतात, एवढंच. आईला कॉलेजातली थिअरी सांगितली, की रुग्णाला जमतं ते त्याला करू द्यायचं, जमत नाही तेवढंच नर्सनं करायचं. आई म्हणाली, मग तुला पगार कशाचा?
सहा नंबरला सुरगाण्याकडच्या भागीबाई आहेत. लकव्यानं डावं अंग गेलंय. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात.

८ जानेवारी
नुसता संताप! इन्चार्ज वत्सलाबाई सकाळच्या चहाबरोबरच सगळ्यांचे चार्ट दिवसभराचे भरून टाकतात. आठ, दहा, बारा, दोन, चार: कूस बदलली, तक्रार नाही, खाली सही. आणि भागीबाईंच्या पाठीला तळहाताएवढी जखम! मी भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हणाल्या, थिअरी कॉलेजात ठेवून ये, इथं अठरा खाटांना दोन नर्सा.
मग मी खाटेच्या दांडीला कापडी पट्टी बांधली. ती उजव्या हातानं ओढून भागीबाई स्वतः वळायला लागल्या. हसत म्हणाल्या, "बाय, तू निस्ता हात लाव, मी वळते."

१५ जानेवारी
आज वॉर्डात मी एकटीच होते. आठ वाजताच भागीबाईंचा चार्ट चारपर्यंत भरून टाकला. हो, मी! मग बाळंतिणींच्या वॉर्डात बोलावलं.
साडेअकराला परत आले तर भागीबाई पालथ्या. नाकतोंड उशीत. पट्टी मुठीत. ओढून वळल्या आणि हात लावायला कुणी नव्हतं.
वत्सलाबाईंना बोलावून आणलं. म्हणाल्या, चार्टमध्ये खाडाखोड चालत नाही. चारपर्यंत बाई ठीक आहे, मृत्यू साडेचारचा लिही. पडदा ओढला. भागीबाईंचा मुलगा बारकू दिंडोरीहून द्राक्षांचं काम टाकून आला होता. आई झोपलीय, असं सांगून त्याला तासन्‌तास बाहेर बसवलं. मी सही केली. थू माझ्यावर.
बारा वाजता पडद्याआड पाहिलं. प्रेत डाव्या कुशीवर. दोनला उजव्या. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी हात लावला नव्हता.

१८ जानेवारी
सहा नंबर रिकामा आहे. तरी दर दोन तासांनी चादरीवरचा खड्डा सरकतो. पट्टी ताणलेली असते. वत्सलाबाईंना दाखवलं. पट्टी सोडून फेकली त्यांनी आणि चहा प्यायला गेल्या. एवढीच किंमत माणसाची!

२० जानेवारी
ताप. खोलीतच पडून आहे. डाव्या हाताला मुंग्या.
दहा वाजता मला कुणीतरी कुशीवर वळवलं. एकच हात. उजवा. गार.

बारा वाजता
परत. डावा पाय हलत नाही. ओरडले तर खालून हॉर्न — कुणाला ऐकू जाणार?
पट्टी माझ्या खाटेला बांधलीय. मी नाही बांधली —
उशाशी चार्ट. नाव माझं, हर्षाली. अक्षरही माझंच. चारपर्यंत भरलेला. तक्रार नाही. खोटं! आहे तक्रार! भागीबाईंची होती, माझी —

दोन
पट्टी ओढली जातेय. मी नाही ओढत —
पालथी —
उशी —
कुणीतरी या, निस्ता हात ला