काजळी धरलेलं खेळणं

कानाक, ऑगस्ट

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. तू दिलेलं सीलचं सुकं मांस मात्र संपलं. दादाची बोट दुरुस्त झाली का?

काल खोदताना एका जुन्या घरात तळहाताएवढा दगडी दिवा सापडला. आमचे उत्खननाचे सर म्हणाले, "पोरीचं खेळणं." पण त्याला काजळी आहे गं! म्हणजे आईची नजर चुकवून तिने चरबी घालून पेटवलाच.

मेलेल्यांच्या वस्तू उकरते म्हणून तू अबोला धरलास. पण हात लावण्याआधी मी माझं नाव सांगून त्यांना विचारते.

ते नाव तुझ्या वारलेल्या आईचं; आपल्यात नावासोबत माणूसही परत येतं. म्हणून तर तू मला जन्मापासून 'आई' म्हणतेस. मग आईला खरं सांग, लहानपणी तुझा खेळातला दिवा तूही पेटवला होतास ना? फोन कर. मी रागावणार नाही.

तुझी लेक आणि तुझी आई,
आर्नायाराक