चंद्राबाईच्या हातचा मणी

मिरज, संक्रांत, १९७४

अजून राग उतरत नाही. आज आमच्या हळदीकुंकवाला चंद्राबाई कलावंतीण आली, ती मागच्या दारानं. मी कुंकवाचा करंडा घेऊन गेले, तर सासूबाई मागून म्हणाल्या, "सूनबाई, तिला बोट लावू नकोस. वरनंच टाक हातावर." आणि मी टाकलं! तिनं आपल्याच बोटानं कुंकू लावलं आणि गेली.

लग्नात माझ्या मंगळसूत्रातला पहिला मणी ओवायला मात्र हीच लागली. तिचं लग्न देवाशी, तिला वैधव्य नाही, म्हणून सासूबाईंनीच गाडी पाठवून आणवली होती. मामंजी तर तिच्या गाण्याच्या बैठकीत लोडाला टेकून बसतात. मग कुंकवाचं बोट तेवढं कसं बाटतं?

संध्याकाळी सासूबाईंना विचारलंच, "आत्याबाई, तुमचा मणी कुणी ओवला होता?"

त्यांनी तिळगुळाचा डबा झाकून ठेवला. मग म्हणाल्या, "चंद्राच्याच आईनं."

"आणि तिला कुंकू?"

"हातावरच की."

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. उद्या करंडा घेऊन मीच तिच्या घरी जाणार, पुढच्या दारानं. तिला माझ्या बोटानं कुंकू लावणार, तिच्या बोटानं लावून घेणार, आणि ते न पुसता सासूबाईंना चहा नेऊन देणार.