डाव्या हाताचं काम

ब्लॅकटाउन,
रविवार दुपार

प्रिय सॅन्ड्रा,

माझ्या हातचं पत्र पाहून तू घाबरणार, म्हणून आधीच सांगते, इथे सगळे बरे आहेत. तुझ्या फ्रँकीभावजींची शुगर ताब्यात आहे, क्लोईची युनीची परीक्षा संपली आणि मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड यंदा लाज वाटावी इतकं लगडलंय. पानं लिहून झाली की फोटो काढून तुला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीन. टाइप का केलं नाही ते शेवटी कळेल. गुरुवारी तुझी फळी आहे हे मी विसरलेले नाही. त्या लाकडी वेदीवरचा रंगवलेला संगमरवर जिथे जिथे उडालाय तो पुन्हा रंगवायचं काम तुला द्यायचं, की इटलीहून दुसऱ्या कुणाला बोलवायचं, हे तुझ्या कामावरच्या मॅडम फळीवरचा नमुना बघून ठरवणार. सहा वर्षं त्या देशात दुसऱ्यांच्या हाताखाली घासपूस केल्यावर तुला मिळालेलं हे पहिलं स्वतःचं काम. म्हणून आजच लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच, मधेच रागावून फोन करू नकोस.

तुझे पोझनानचे व्हिडिओ मी सगळे पाहिले. एकेक तीन-तीनदा पाहिला आणि तुला दर वेळी नुसता अंगठा पाठवला. त्या जुन्या चौकातली अंगाला अंग लावून उभी असलेली घरं, एक पिस्त्याच्या रंगाचं, एक आमरसाच्या. आणि टाउन हॉलवरचे ते यंत्राचे दोन बोकड, दुपारी बाराला बाहेर येऊन बारा वेळा टक्कर घेणारे. तू मागून हसत होतीस, "ताई, बघ, आपण दोघी!" मला काही हसू आलं नाही. मग तू म्हणालीस की युद्धात तो चौक जवळजवळ सगळा कोसळला होता आणि नंतर होता तसा पुन्हा बांधला. तेव्हा मात्र मला बरं वाटलं. म्हणजे तुझ्या त्या जुन्या शहरापेक्षा माझी सासू जुनी आहे, असं मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणालेसुद्धा. क्लोई टोस्ट खात होती. "मम, यू आर सो जेलस," ती म्हणाली. मी म्हटलं, जेलस कशाला होऊ, मला काय कमी आहे? खोटं बोलले. जळून कोळसा झाले होते.

आणि ते मोठं गुलाबी चर्च! तिथले लोक त्याला फारा म्हणतात म्हणालीस, आणि खरंच ते फारच आहे. दोन माणसांच्या कवेत न मावणारे खांब, वर सोन्याची पानं, फुगलेल्या गालांचे देवदूत. तू एका खांबाजवळ जाऊन कुजबुजत सांगितलंस की हा संगमरवर नाहीच, आत वीट आहे आणि वर घोटलेला गिलावा. मान वर करून घुमट दाखवलास, तर तोही नाही, सपाट छतावर घुमटाचं चित्र! बरोक शैली म्हणजे असंच असतं म्हणालीस, डोळ्यांना फसवायचं, पण इतक्या मनापासून फसवायचं की फसलेल्याने गुडघे टेकावेत. मी तो व्हिडिओ बंद केला आणि अर्धा तास कपड्यांच्या घड्या घातल्या. आमच्या पॅरिशचं चर्च तुला माहीत आहे. विटांची लांबट शेड, खाली करडं कार्पेट, भिंतीवर गाण्यांचे शब्द दाखवायला प्रोजेक्टर. आज सकाळीही मी तिथे बसून खांब शोधत होते. प्रवचन कशावर होतं ते फ्रँकीला विचार.

पण खरं पोटात दुखलं ते तुझ्या त्या मुलाखतीने. तू पोलिशमधली लिंक पाठवलीस आणि मी फोनवर भाषांतर करून वाचली. "माझे वडील वसईच्या बाजूच्या चर्चमधल्या वेद्या रंगवत. बदकाच्या पिसाने ते लाकडावर संगमरवराच्या शिरा काढत. मी लहानपणी त्यांच्याकडूनच शिकले. ते म्हणायचे, हे अगदी सोपं काम आहे." आणि सोबत फोटो, तुझ्या हातात पप्पांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात पिसं. शिकले म्हणे! सॅन्ड्रा, तुला टर्पेंटाइनच्या वासाने उलटी व्हायची. परांचीच्या दुसऱ्या फळीवर चढवलं की तू भोकाड पसरायचीस आणि आई तुला घेऊन घरी जायची. नाताळला बदक कापलं की लांब पिसं वेगळी काढून धुणारी मी. अळशीच्या तेलात रंग खलणारी मी. पायस रंगाऱ्याची पोरगी म्हटलं की गावातल्या कुणालाही मीच आठवायची. त्या मुलाखतीत मी माझं नाव दोनदा शोधलं. एकदा पोलिशमध्येही शोधलं, मार्था तिकडेही मार्थासारखीच दिसत असेल म्हणून.

तो डबा तुझ्याकडे आहे याचंही मला दुखतं, आज सांगूनच टाकते. दोन हजार एकवीसमध्ये, कोरोनात, या देशातून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागत होती आणि ती माझ्या हातात पडेपर्यंत पप्पा गेले होते. तू पोचलीस. तू त्यांचा हात धरून बसलीस, त्यांचा डबा तू उचललास. मी त्यांची अंत्यविधीची मिस्सा फोनवर पाहिली, तीही अडकत अडकत. यात तुझा काय दोष? काहीच नाही, आणि म्हणूनच कुणावर चिडावं ते कळेना. पीस तुझ्याकडे गेलं आणि हात माझ्याकडे राहिला. त्या हाताने मी इथल्या कलेक्शन सेंटरमध्ये रोज तीस-चाळीस माणसांचं रक्त काढते. शिरा शोधायचं पप्पांचं शिक्षण वाया गेलं नाही, असं फ्रँकी म्हणतो. त्याला तो विनोद वाटतो.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी तुझा फोन आला. मी पोळ्या करत होते. "ताई, माझ्या शिरा रस्त्यांच्या नकाशासारख्या दिसतात गं. पप्पा पीस कसं धरायचे, तुला आठवतं?" किती सहज विचारलंस! जणू भाजीत मीठ किती घालू. मीही तितक्याच सहज सांगितलं, उजव्या हातात, पेन्सिलीसारखं घट्ट, आणि रेघ न थांबता एका दमात ओढायची. तू ते लिहून घेतलंस. थँक्यू ताई म्हणालीस आणि मी पोळी उलटली. मग तुझ्या फळ्यांचे फोटो यायला लागले. पहिली बरी नव्हती, दुसरी तिच्याहून वाईट, तिसरीवरच्या शिरा तर पट्टी लावून मारल्यासारख्या. मॅडमनी ती बघून नुसती मान हलवली, असं तू लिहिलंस. मी तिन्ही फोटोंना अंगठा पाठवला.

गेल्या गुरुवारी तुझा मेसेज आला. "ताई, तू सांगितलंस अगदी तसंच करतेय. शंभरदा केलं. माझाच हात वाईट आहे, पप्पांचं काही माझ्यात उतरलंच नाही." शुक्रवारी सकाळी एका म्हाताऱ्या बाईंची शीर मला सापडली नाही. एकदा टोचलं, चुकलं, दुसऱ्यांदा टोचलं, तरी चुकलं. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. "नो वरीज, लव्ह," त्या मलाच थोपटत म्हणाल्या आणि दुसरा हात पुढे केला. मी सहकारिणीला बोलावलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. त्या बाईंसाठी नाही, हे तुला सांगायला नको.

आता पप्पांच्या पडद्याचं सांगते. तुला आठवत असेल, वेदीला पांढरा थर देऊन झाला, त्यावर करडा हात फिरवून झाला की शिरा काढायच्या वेळी ते परांचीला जुनी चादर बांधायचे. आत फक्त मी. लोकांना वाटायचं, रंगारी रंगाचं गुपित लपवतो. कुणी खालून विचारलं, पायस, जमतंय का, की आतून त्यांचा आवाज यायचा, "अरे, हे तर डाव्या हाताचं काम!" आणि सगळे हसायचे. तूही हसायचीस, आईच्या कडेवरून. त्या मुलाखतीत तू तेच सांगितलंस ना, वडील म्हणायचे सोपं काम आहे म्हणून. ते वाचलं आणि मला तुझा खूप राग आला, आणि त्याच वेळी आनंदही झाला, तुला त्याचा खरा अर्थ कळलेलाच नाही म्हणून. अजूनही ते फक्त माझं आहे.

सॅन्ड्रा, ती बढाई नव्हती. पप्पा खरोखरच डाव्या हाताने शिरा काढायचे. वेदीच्या कामाला डावा हात लावतो हे कळलं तर गावात चार तोंडं चार गोष्टी बोलली असती, म्हणून ती चादर, आणि म्हणून मला मदर मेरीची शपथ की कुणाला सांगणार नाही. तुला खोटं सांगताना मी त्या शपथेच्या आड लपले, पण ते काही खरं नाही. पप्पा असते तर त्यांनी तुला केव्हाच सांगितलं असतं. तू नापास व्हावीस असं मला वाटत होतं. ते गुलाबी चर्च, तो डबा, तो धरलेला हात, सगळं तुझं आणि वर हेही तुझंच, हे मला सहन होईना. माझं चुकलं. तुझा हात वाईट नाही गं, मी तुला चुकीचा हात सांगितला. आता नीट वाच. पीस डाव्या हातात धर, देठाच्या अगदी टोकाला, आता पडेल की काय इतकं सैल. रंगात बुडव, टर्पेंटाइनचा एक थेंब लाव, आणि ओढताना ते बोटांत फिरू दे. अडलं तर अडू दे, थरथरलं तर उत्तमच. ज्या हाताला लिहिता येतं तो रेघ काढतो, म्हणायचे पप्पा, शीर काढायला अडाणी हात लागतो. गावच्या वेदीच्या उजव्या खांबावर खालून तिसरी शीर माझी आहे, मी अकरा वर्षांची असताना काढलेली. कुणालाच माहीत नव्हतं, आता तुला माहीत आहे. चार दिवस आहेत, पुरतील. फळी झाली की फोटो पाठव, या वेळी अंगठा येणार नाही, मी फोन करीन आणि तू उचललास तर बोलेन. टाइप का केलं नाही तेही आता सांगते. खालची सही मी डाव्या हाताने करते आहे. बघ कशी वाकडी जाते, कुठे अडते, कुठे उगाच जाड होते. अगदी तशीच ओढ.

तुझीच,
मार्थाताई